पुरलेल्या तारेचे कान

वाळू पुन्हा गेली होती.

समीक्षा गिरपने पडद्यावरचं चित्र मोठं करून पाहिलं, लहान करून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा मोठं केलं. चित्र काही बदललं नाही. समुद्राच्या तळाखाली कमरेइतक्या खोल पुरलेली केबल त्या एका जागी उघडी पडली होती आणि तिच्या खालून पाणी आरपार वाहत होतं. दोन्ही बाजूंना लांबवर वाळू शहाण्या मुलासारखी जागच्या जागी बसलेली होती. अवदसा आठवली होती ती एवढ्या एका तुकड्याला.

पुरण्यात कसूर झाली म्हणावं, तर तसंही नव्हतं. कुर्लीने ती जागा दोनदा पुरली होती. कुर्ली हे यंत्राचं नाव. कागदोपत्री तिला भलंमोठं नाव होतं, पण केरवणे बंदरावरच्या लोकांनी तिला जहाजाच्या पाठीमागून पाण्यात उतरताना पाहिलं आणि खेकड्याचं आपलं घरचं नाव देऊन टाकलं. पुढे तिला बनवणारे इंजिनिअरही तिला कुर्लीच म्हणायला लागले. ट्रकाएवढी ही बया पट्ट्यांवर चालत तळावरून केबलच्या डोक्यावर येते. तिची दोन लांब पाती केबलच्या दोन्ही अंगांना वाळूत घुसतात आणि पात्यांच्या भोकांतून पाणी जोराने सुटतं. त्या पाण्याने वाळूची पेज होते. जड केबल त्या पेजेत आपोआप खाली बसते, मागून वाळू पुन्हा आळते, आणि वरून पाहणाऱ्याला इथे काही पुरलंय असा संशयही येत नाही. वाळूच्या जागी घट्ट चिखल लागला तर कुर्ली पाती आवरून दातेरी साखळी काढते आणि चर खणते.

एवढा खटाटोप करायचा, कारण उघडी केबल समुद्रात टिकत नाही. ट्रॉलरचं जाळं तिला ओढतं, नांगर तिच्यात अडकतो, आणि खालची वाळू गेली की प्रवाहात ती थरथरत राहते. थरथरून थरथरून एखाद्या पावसाळ्यात तुटते. बरं, भीतीपोटी फार खोल पुरावी, तर तिची उष्णता बाहेर पडत नाही आणि ती आतल्या आत भाजते. दूर समुद्रात उभ्या असलेल्या पवनचक्क्यांची सगळी वीज या एका केबलमधून केरवण्याला किनाऱ्यावर येत होती. तिची राखण करणं हे समीक्षाचं काम. बंदरावरच्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात आता नियंत्रण कक्ष होता. लहानपणी ती जिथे बापाबरोबर बर्फ आणायला यायची, तिथेच आता खुर्ची टाकून बसत होती.

पहिल्यांदा वाळू गेली, तेव्हा तिला आश्चर्य वाटलं नव्हतं. समुद्राच्या तळावरही वाळूच्या लाटा असतात आणि त्या फार सावकाश सरकतात. दोन लाटांमधला खळगा केबलवर आला की ती उघडी पडते. कुर्ली पाठवायची, पुन्हा पुरायची, विषय संपला. पण इथे विषय संपेना. लाट पुढे सरकून गेली तरी खळगा तिथेच राहिला, आणि उलट आणखी खोल होत गेला. समीक्षाने प्रवाहाचा वेग तपासला, भरती-ओहोटी तपासली, नदीच्या मुखातून येणारा गाळ तपासला. सगळं बरोबर होतं, आणि तरीही वाळू जात होती. तिने अक्षरशः हात टेकले.

त्यात भर म्हणून ते आवाज आले.

केबलमध्ये तांब्याच्या जाड तारांबरोबर काचेचा एक केसासारखा धागा असतो. तो मुळात निरोप पाठवण्यासाठी घातलेला. पण त्या धाग्यातून प्रकाशाचे ठोके सोडले की वाटेतल्या प्रत्येक हातभर काचेतून प्रकाशाचा कणभर अंश परत येतो. तळ जरासा हादरला की काच ताणली जाते आणि परत येणारा प्रकाश बदलतो. म्हणजे केबल जिथे जिथे पुरलेली आहे, तिथे तिथे तिला कान आहेत. वरून जाणारी होडी, घासत जाणारा नांगर, किनाऱ्याजवळ तर ओल्या वाळूत चालणाऱ्या माणसाचं पाऊलसुद्धा तिला कळतं. हे सगळं ऐकून काय घाबरण्यासारखं आणि काय नाही हे ठरवणारी जी प्रणाली होती, तिला सगळे नुसतं ‘कान’ म्हणत.

या कानावरून गावात मोठं रामायण झालं होतं. आमच्या होड्या कुठे जातात, कुठे मासळी मारतात, हे कंपनीला कळणार असेल तर केबल येऊ देणार नाही, असं गावाने ठणकावलं होतं. पाहणीच्या जहाजासमोर होड्या आडव्या घालणाऱ्यांत सगळ्यात पुढे होता समीक्षाचा बाप, लवू गिरप. शेवटी तोड निघाली. केरवण्याच्या होड्यांचे आवाज कानाला आधीच शिकवून ठेवायचे. तो आवाज आला की कानाने तो पुसून टाकायचा, कुणाला दाखवायचा नाही. शिकवायचं काम अर्थातच गावच्या मुलीकडे आलं. समीक्षाने एकेक होडी केबलवरून फिरवून घेतली आणि प्रत्येकीला एक आकडा दिला. वडिलांची होडी आली, तेव्हा मात्र तिच्या हातून आकड्याऐवजी ‘बाबा’ असं लिहिलं गेलं. त्या होडीचं नाव ‘समीक्षा’ होतं आणि मुलगी आधी की होडी आधी, यावर घरात अजून एकमत नव्हतं.

तर आवाज. खळग्याच्या जागी मधूनच ‘धप्प’ असा एक हादरा उमटायचा. काहीतरी जड तळावर पडल्यासारखा. आणि गंमत अशी, की त्या वेळी वर होडी नसायची. कानाच्या नोंदीत वरचं पाणी अगदी मोकळं असायचं. आभाळातून वस्तू पडावी तसा तो प्रकार होता. कुर्लीला पाठवलं तर तिला खळगा दिसायचा, बाकी काही नाही. समीक्षाला आधी वाटलं मोठा मासा असेल. मग वाटलं तळाखालून वायू सुटत असेल. मग रोज एक नवीन तर्क करायचा आणि दुसऱ्या दिवशी खोडायचा, असा तिचा क्रम झाला.

रत्नागिरीच्या कार्यालयात बसणाऱ्या तिच्या वरिष्ठ रेणुका सबनीस यांना मात्र तर्कांचा कंटाळा आला होता. पडद्यावर येऊन त्यांनी सांगितलं, की हा घातपात दिसतो. गस्तीची बोट सुरू करू. केबलच्या पट्ट्यात काही टाकताना जो सापडेल त्याची होडी नियमाप्रमाणे जप्त होईल, परवाना जाईल, आणि प्रकार थांबला नाही तर पट्ट्यातली मासेमारी सगळ्या गावाला बंद करावी लागेल. समीक्षाने मान डोलावली. त्या वेळी तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

घरी जेवताना ती हे सगळं बोलायची. नोकरीतलं बोलू नये असा नियम होता, पण डोक्यात जे घोळतं ते ताटावर येतंच. लवू आधी चेष्टा करायचा, “मगे? खय गेली तुमची वाळू आज?” आणि ती चिडली की हळूच खोदून विचारायचा. नेमकी कुठे? दीपस्तंभ कोणत्या डोंगराच्या अंगावर येतो तिथून? ती हाताने खूण करून सांगायची. तो ऐकायचा, आमटी भुरकायचा, आणि “तू आधी जेव” म्हणायचा. तिची आई म्हणायची, की काळजीने ही पोरगी अर्धी झाली आणि हिचा बाप वाळूच्या गप्पा मारतोय.

एक दिवस नोंदी चाळताना तिच्या लक्षात एक गोष्ट आली आणि तिचं डोकं चक्रावलं. धप्प असा आवाज ती घरी बोलली की दुसऱ्या दिवशी यायचा. ती चिडून दोन दिवस गप्प राहिली होती, तेव्हा समुद्रही गप्प होता. हा काय प्रकार? समुद्र तिचं बोलणं ऐकत होता की काय? ती स्वतःशीच हसली, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही.

कारण मग तिला दुसरी गोष्ट सुचली, जी खरं तर पहिल्या दिवशी सुचायला हवी होती. वर होडी नव्हती, असं कान म्हणत होता. पण कान कुठल्या होड्या दाखवतो? अनोळखी. परकी होडी आली असती तर ती दिसलीच असती. काहीच दिसत नाही याचा अर्थ वर होडी नाही असा नव्हताच. वर गावातली होडी होती, आणि तिचा आवाज समीक्षानेच पुसायला शिकवला होता.

वाळूची जागा घरी जेवताना ऐकणारा गावातला होडीवाला एकच होता. जहाजासमोर आडवा गेलेला, तिला नोकरी लागल्यावर एकाएकी गप्प झालेला, तिच्याकडून गोड बोलून जागा काढून घेणारा. बापाने आपल्याला वापरलं, हे मनात येऊन तिला राग आला. आपल्या मनात हे आलंच कसं, म्हणून लाज वाटली. दोन्ही एकदम वाटत होतं आणि कशावर विश्वास ठेवावा ते कळत नव्हतं. सरळ विचारायचं, तर तो सरळ नाही म्हणाला असता तर?

म्हणून तिने विचारलं नाही. त्या रात्री जेवताना ती खोटं बोलली. म्हणाली, आता नवीनच ठिकाणी वाळू जायला लागलीय, दीपस्तंभ आणि ताडांची रांग एका रेषेत येते तिथे. तिथे वाळू ठणठणीत होती. लवूने नेहमीसारखं ऐकलं आणि आणखी एक भाकरी तिच्या ताटात टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच ठिकाणी धप्प झालं. पाठोपाठ आणखी एकदा.

कानाने पुसलेला मूळ आवाज परत आणायची किल्ली एकट्या समीक्षाकडे होती आणि गावाशी झालेल्या करारानुसार ती वापरायची नव्हती. तिने ती वापरली. पडद्यावर हिरवी रेघ उमटली, केबलच्या डोक्यावर येऊन थांबली, आणि बाजूला कानाने आज्ञाधारकपणे लिहिलं: बाबा. स्पीकरमधून तिला ते इंजिन ऐकू आलं. लहानपणी हे इंजिन बंद होताच ती धावत सुटायची, कारण किनारा जवळ आला की लवू वल्ह्याने होडीच्या फळीवर ठकठक करायचा. मासळी असो नसो, ठकठक व्हायचीच. ती टोपली घेऊन पळायची. आता तिने स्पीकर बंद केला.

लवू त्या संध्याकाळी होडी वर ओढून तिच्या सावलीत बसला होता. होडीत एक फळी आडवी टाकली होती आणि फळीवर तांबडा भुगा पडला होता. समीक्षा तो भुगा बघत राहिली. मग तिला घरामागची चिऱ्यांची रास आठवली. नवीन न्हाणी बांधायला आणलेल्या जांभ्या दगडाच्या त्या चिऱ्यांची रास गेले काही दिवस खाली खाली बसत चालली होती आणि आई रोज कुरकुरत होती, की चिरे काय चालत जातात का.

“बाबा, तुमी थय चिरे टाकल्यात?” तिने विचारलं.

त्याने नाही म्हटलं नाही. वर बघून तो चोरी पकडलेल्या पोरासारखा ओशाळं हसला. “तुका कोणी सांगलान?”

“कित्याक टाकल्यात?”

“वाळू धरूक.” हे इतकं उघड होतं, की तिने विचारावं याचंच त्याला नवल वाटलं. “तुमचीच माणसा पंख्यांच्या पायाक दगड टाकतत. मिया बघलंय. आपल्या होड्यांच्या खोपीखालची वाळू जाय होती, तेवा चिरेच लावले ना? वाळू रवली. तू धड जेवूक नाय किती दिस. म्हटलंय दोन चिरे टाकूया, वाळू रवात, चेडवाक झोप लागात.”

“माका सांगूक काय झाला होता?”

तो खाली बघत पुटपुटला, की गावात कळलं असतं. कंपनीला आडवा गेलेला लवू आता कंपनीची वाळू राखतो म्हणून लोक हसले असते.

समीक्षा होडीला टेकून खाली बसली. इतके दिवस डोक्यात फिरणारं सगळं एकदम जागेवर आलं आणि तरी तिला बरं वाटेना. तिने त्याला समजावलं. पवनचक्क्यांच्या पायाशी लहान दगडांचा थरावर थर पसरतात, गोधडीसारखा. मोठा चिरा एकटा पडला की पाणी त्याला वळसा घालतं, आणि वळताना जोर धरून बाजूची वाळू उपसतं. लाटेत उभं राहिलं की टाचेखालची वाळू जाते ना, तसंच. चिरा मग आपणच केलेल्या खड्ड्यात रुततो, वर वाळू येते, म्हणून कुर्लीला तो दिसत नाही. पण खड्डा पसरत जातो आणि केबल उघडी पडते. आधीची वाळू आपोआप परत आली असती.

लवू ऐकत होता. टाचेखालच्या वाळूशी तो चांगला थबकला. जन्मभर ती वाळू त्याच्या टाचेखालून जात आली होती.

“म्हंजे मियाच ती घालवलंय,” तो म्हणाला.

“तुमका ठावक नव्हता.”

“आणि कालची ती दुसरी जागा? ताडांकडची? थय पण माझ्या चिऱ्यांनीच...” तो मध्येच थांबला. त्याचा हिशेब जुळेना. “थय तर मिया पयलो कधी गेलंयच नाय.”

इथे ती काहीही सांगू शकली असती. वाळूच्या लाटेचं नाव पुढे करता आलं असतं आणि त्याने ते मानलं असतं.

“थयली वाळू खय जावक नव्हती, बाबा. तुमीच टाकतात काय ता बघूक मिया खोटा सांगलंय.”

लवूने तिच्याकडे पाहिलं. होडी जप्त होईल, परवाना जाईल, हे ती त्याला नंतर सांगणार होती आणि त्याचं त्याला विशेष काही वाटणारही नव्हतं. आता मात्र त्याचा चेहरा असा झाला, की तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

“इचारूचा होता गो,” तो म्हणाला. “मी काय खोटा सांगणार होतंय तुका?”

तो उठला, फळी काढली, भुगा हाताने झाडला आणि घराकडे गेला.

ताडांच्या रेषेतली वाळू चारच दिवसांत सरकायला लागली. काचेच्या धाग्याने ते आधी तापमानातून सांगितलं, कारण वरचं पांघरूण पातळ झालं की केबल गार पडते. समीक्षा तो गार पट्टा बघत बसली. आधीची जागा बापाच्या चुकीने उघडी पडली होती. ही मात्र तिने स्वतः, पूर्ण शुद्धीवर असताना, धडधाकट केबलवर ओढवून घेतली होती, आणि हे रेणुकाबाईंना कसं सांगायचं ते तिला सुचेना.

शेवटी तिने जसं होतं तसं सांगितलं. केबलची जागा मी बाहेर बोलले. ऐकणाऱ्याने मदत म्हणून चिरे टाकले. दुसऱ्या जागी तर माझ्या खोट्यामुळे टाकले. रेणुकाबाईंनी नाव विचारलं. तिने नाव दिलं नाही. त्यांनी किल्ली मागितली, तेव्हा तिने सांगितलं, की किल्ली घ्या, पण एक ओळख मी कालच पुसली आहे, ती होडी आता कानाला अनोळखी आहे, जुन्या नोंदीतही तिचं नाव सापडणार नाही. रेणुकाबाई काही दुधखुळ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, की चौकशी होईल, तुझ्या नोकरीचं मी काही सांगू शकत नाही, तोवर ते चिरे बाहेर काढ. होडीबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि ते विसरल्या म्हणून की मुद्दाम, हे समीक्षाला आजतागायत कळलेलं नाही.

कुर्लीला या वेळी पुढे पकड लावून पाठवलं. तिने वाळू फुंकून एकेक चिरा उकरला आणि जहाजावर वर पाठवला. जहाजावर तांबड्या चिऱ्यांची रास वाढू लागली आणि न्हाणीपुरते चिरे जमले की काय, असं समीक्षाच्या मनात येऊन तिला हसायला आलं आणि लगेच रडायलाही आलं. घरी लवू तिच्याशी बोलत नव्हता. भांडतही नव्हता. जेवताना भाकरी तिच्या बाजूला सरकवायचा, पण वाळूचं काही विचारायचा नाही. आईने दोघांना काय झालं म्हणून विचारलं आणि कुणीच सांगेना, तेव्हा तिने तो नाद सोडला. तो रागावलाय की दुखावलाय, की स्वतःचीच लाज वाटून गप्प आहे, हे समीक्षाला ओळखता येत नव्हतं. समुद्राच्या तळावर कोण चालतं ते तिला कळत होतं आणि चुलीपलीकडच्या माणसाचं कळत नव्हतं.

शेवटचे चिरे निघायचे होते त्या दुपारी कानाने धोक्याची घंटा वाजवली. शेजारच्या खुर्चीवरचा तिचा सहकारी सुयोग दचकून पुढे सरकला. “अनोळखी होडी आलीये, ताडांच्या रेषेत. इंजिन बंद केलंय. गस्तीला कळवू?”

“थांब,” समीक्षा म्हणाली.

स्पीकरमध्ये आधी नुसतं पाणी होतं. मग फळीवर लाकूड आपटल्याचा आवाज आला. ठकठक. जरा थांबून पुन्हा ठकठक. चिरा पडल्याचा हादरा त्यात नव्हता, ओढलेल्या नांगराची खरखर नव्हती. सुयोगने आवाज वाढवला आणि गोंधळून तिच्याकडे पाहिलं. समीक्षाचे डोळे भरून आले होते आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. जेवणाची वेळ टळून गेली होती. बाबांना ठाऊक होतं, तार ऐकते ते.

कानाने नेहमीचा चौकोन उघडला: आवाज ओळखीचा आहे का? नाव द्या.

तिने चौकोन रिकामा ठेवला आणि खुर्ची मागे सारली.

“मला बोलवतायत,” ती सुयोगला म्हणाली, “जेवून येते.”